खिशात मावेल असं पिस्तूल

“हेही नको,” म्हणत वेंडेल स्टॅम्परने सहावं पिस्तूल काउंटरवर आदळलं.

दुकानदार कॉयने पिस्तूल उचललं, फडक्याने पुसलं आणि परत काचेखाली ठेवलं. दुसरं कुणी असतं तर त्याला कॉयने केव्हाच दार दाखवलं असतं. पण वेंडेल म्हणजे साधं गिऱ्हाईक नव्हे. काउंटीतल्या निम्म्या लोकांना बंदूक हातात कशी धरायची हे त्याने शिकवलं होतं. कॉयही त्याच्याच हाताखाली शिकलेला.

“यात काय खोट निघाली, मास्तर?”

“खिशातून दिसतं. चर्चमध्ये बाकावर बसलो की मांडीवर वीट ठेवल्यासारखं दिसेल. अन् त्याच्या आधीचं खिशात मावत होतं, तर गोळी भरायला त्याची वरची स्लाइड मागे ओढता येईना. मुठीएवढं पिस्तूल आणि स्प्रिंग मात्र ट्रकची! कोण बनवतं रे ही? अक्कल नावाची चीज आहे का त्यांना?”

“पिस्तूल जितकं लहान तितकी स्प्रिंग कडक. तुम्हीच शिकवलंत.”

“मी काय शिकवलं ते तू मला नको शिकवूस!”

खरी अडचण पिस्तुलांत नव्हतीच. वेंडेलच्या उजव्या हाताची तर्जनी संधिवाताने सुजून आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती. हे काउंटीत सगळ्यांना माहीत होतं. मान्य नव्हतं ते फक्त वेंडेलला. चाळीस वर्षं तो पाकीट, किल्ल्या आणि छोटं रिव्हॉल्व्हर खिशात टाकल्याशिवाय घराबाहेर पडला नव्हता. अलीकडे त्या रिव्हॉल्व्हरचा चाप त्याला ओढवेना. शेवटी मुलीने, ट्वायलाने, अट घातली. दुकानात जाऊन हवं ते पिस्तूल निवडा. रिकाम्या पिस्तुलाचा चाप न थांबता दहा वेळा ओढून दाखवा. जमलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं तर उद्यापासून खिशात फक्त किल्ल्या. त्याला तीन आठवडे झाले. हे तिसरं दुकान होतं.

ट्वायला दुकानाच्या कडेला, विकायला मांडलेल्या बुटांपाशी उभी होती. वडिलांचा आवाज चढला की ती एखादा बूट उचलून त्याचा तळवा न्याहाळत बसायची.

“बाबा, जेवायला जायचंय ना? त्या हॉटेलातला कॅटफिश मासा संपेल हां.”

“संपू दे!”

कॉय आतल्या खोलीत गेला आणि सातवं पिस्तूल घेऊन आला. “हे शेवटचं. यानंतर माझ्याकडे फक्त गलोल उरते.”

या पिस्तुलाची नळी एक खटका दाबला की मागून वर उचलली जायची. काडतूस घालायचं, नळी खाली दाबायची, झालं. स्लाइड ओढायचं कामच नाही. चापही हलका होता. कॉयने ते उघडलं, आत डोळ्यांनी पाहिलं, बोट घालून चाचपलं आणि तसंच उघडं वेंडेलच्या हातात दिलं. वेंडेलने शिकवलेली रीत होती ती.

वेंडेलने नळी खाली दाबून पिस्तूल खिशात घातलं. स्टुलावर बसला, उठला, वाकला. काही दिसत नव्हतं. मग त्याने ते बाहेर काढून जमिनीकडे रोखलं आणि चाप ओढायला सुरुवात केली. सातव्या वेळी त्याचा चेहरा वाकडा झाला. पण तो थांबला नाही.

“दहा!” तो ओरडला.

आता तरी त्याने हसावं की नाही? पण तीन आठवड्यांचा राग असा जातो होय!

“बघितलंस? म्हणे बोट गेलं. मला पांगळा ठरवून मोकळे झालात सगळे! बोटाला काही झालेलं नाही. दोष या जुन्या खटाऱ्याचा आहे!” त्याने नवं पिस्तूल ठेवलं आणि खिशातून रिव्हॉल्व्हर उपसलं. “रिकामं आहे. सकाळी टेबलावर पाचही काडतुसं काढून ठेवलीत. आता बघ, हा चाप हलतो का!”

त्याने काउंटरपासून बाजूला वळून ते समोर धरलं आणि चाप दाबला. चाप हलला नाही. त्याने दातओठ खाऊन पुन्हा दाबला. चाप केसभर सरकला आणि अडकला. डोळ्यांत पाणी आलं.

“हलतच नाही मेला!”

“इकडे द्या, मास्तर,” कॉय म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

वेंडेलने रिव्हॉल्व्हर बंदच त्याच्या हातात दिलं. कॉयने काडतुसांची चक्री बाहेर पाडली. पाचही घरं भरलेली होती.

वेंडेलने सकाळचं टेबल आठवून पाहिलं. टेबल दिसत होतं, काडतुसं दिसत होती. पण ती आजची होती, कालची होती की मागच्या वर्षीची, हे काही केल्या त्याला सांगता येईना. मग आपण नळी कुठे रोखली होती हे त्याने मान वळवून पाहिलं. ट्वायला तिथेच होती, पाठमोरी, हातात बूट घेऊन.

कॉय एकेक काडतूस बाहेर काढत होता. वेंडेलने हलक्या चापाचं ते नवं पिस्तूल त्याच्याकडे सरकवलं.

“हेही आत ठेव,” तो हळूच म्हणाला. “अन् ते जुनंही राहू दे तुझ्याकडेच.”

ट्वायला बूट ठेवून जवळ आली. “काय हो बाबा, आत्ता तर दहा म्हणून ओरडलात. जमलं ना?”

वेंडेल तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

“नाही गं,” तो म्हणाला. “बोट चालत नाही माझं. देवाचे उपकार.”