पत्त्याची ओळ

तिने लिहिलेली पत्त्याची ओळ तिच्या डोळ्यांदेखत पुसली गेली.

ती खुर्चीतच आक्रसली. नवऱ्यापासून संरक्षण मागणाऱ्या अर्जाचा तो मसुदा होता, उद्या कोर्टात जायचा. ऑनलाइन फाइल तिघींचीच: ती, तिची ताई आणि वकीलबाई. पण वरच्या कोपऱ्यात आज चौथं वर्तुळ लुकलुकत होतं. नाव होतं ‘अनामिक’.

नवरा म्हणाला होता, पाताळात लपलीस तरी हुडकून काढीन. म्हणून तर ती फोन टाकून या भाड्याच्या खोलीत आली होती. पत्ता ताईलाही सांगितला नव्हता. दोघींचं बोलणं व्हायचं ते मसुद्याच्या समासात शेरे लिहून, तेवढंच. वकीलबाईंना पत्ता हवाय, असं ताईने आज तिथेच कळवलं होतं.

‘ताई, कोणीतरी आत शिरलंय,’ तिने लिहिलं.

उत्तर झटकन आलं. ‘घाबरू नकोस. पत्ता परत लिही. वकीलबाई कोर्टात आहेत, आल्या की लागेल त्यांना.’

एरवी ताई एका बोटाने टाइप करायची. तिचं एक वाक्य होईपर्यंत चहा निवायचा.

‘टायपिंगचा क्लास लावलास की काय?’ एवढ्या भीतीतही तिला चेष्टा सुचली.

‘वेळ आली की हात आपोआप चालतात गं.’

तिने पत्ता पुन्हा लिहिला. गल्ली, मजला, खोली. अनामिकाचा कर्सर सरपटत आला आणि सगळी ओळ गिळून गेला. मग त्या रिकाम्या जागी अक्षरं उमटू लागली. एकेक, थांबत थांबत, कोणी दबकत पावलं टाकावीत तशी.

‘लिहू नकोस. ऐ’

तिने कीबोर्डवरून हात मागे घेतले.

‘तोच आहे,’ ताईने लिहिलं. ‘धमकावतोय मेला. हाकल त्याला. लिंक बंद कर, फक्त आपल्या तिघींची नावं ठेव.’

तिने तसंच केलं. चौथं वर्तुळ अर्ध्या शब्दावर विझलं. तिने पत्ता पुन्हा लिहिला. या वेळी तो कोणी पुसला नाही.

‘मिळाला. निघालेच मी,’ ताई म्हणाली. ‘एकटी राहू नकोस. बेल वाजली की दार उघड.’

तिला रडूच फुटलं. किती दिवसांनी आपलं माणूस येणार होतं! दाराला टेकवून ठेवलेली खुर्ची तिने बाजूला केली, तोंड धुतलं, अंथरुणाची घडी घातली.

बेल वाजली. तिने कडी काढली.

‘ढकल गं, उघडंच आहे,’ म्हणत ती लॅपटॉप मिटायला वळली.

समासात वकीलबाईंनी नुकतंच काहीतरी लिहिलं होतं.

‘मी आत्ताच ऑफिसात पोचले. तुमची ताई इथे माझ्या कारकुनाच्या कॉम्प्युटरसमोर बसून रडतेय. तिचा लॅपटॉप परवा घरातून चोरीला गेला. तुम्ही तिला मसुद्यातून बाहेर का काढलंत?’