साडेपाचचा डाग

समजा, मुलांनो, तुम्ही संगणकासमोर बसला आहात. पडद्यावर हवामानाच्या रडारचे चित्र आहे. हवेत काही पसरलेले असले की रडारच्या लहरी त्यावर आपटून परत येतात आणि चित्रात हिरवा डाग उमटतो. बहुधा तो पाऊसच असतो. पण बाहेर आभाळ कोरे, आणि डाग नेमका लष्करी तळावर. तुम्ही काय कराल?

आजोबांनी वही काढली.

चौतीस वर्षे त्यांनी हवामान खात्यात पाऊस मोजला होता. निवृत्त झाले, गुडघे गेले, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवणही नकोसे झाले. डॉक्टर म्हणाले, औषधे पुरेत, यांना उठायला काहीतरी कारण द्या. नातीने त्यांच्या उशाशी रडारचे चित्र लावून दिले. आठवडाभर त्यांनी तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. मग एका संध्याकाळी तळाच्या कुंपणाशी ट्रकचा टायर फुटला. ते सांगायला नात धावत घरी आली, तर आजोबा उठून बसलेले.

"हे बघ," ते म्हणाले. "ढगाशिवाय पाऊस."

तेव्हापासून रोज साडेपाचला डाग येई. नात खेळून धापा टाकत परते आणि आधी विचारी, "आला का?" आजोबा वेळ, वारा, आकार टिपून ठेवत. दोन घास जास्त खात. नात तापाने निजून होती ते चार दिवस मात्र डाग आला नाही. आजोबांनी वहीत लिहिले, 'सैन्याला रजा.' आईचे यात लक्ष नव्हते. तिची तक्रार एवढीच, की मोठ्या ताटाला पोचे पडलेत आणि कोणी कबूल होत नाही.

शेवटी आजोबांनी तळावर पत्र पाठवले. रविवारी दुपारी एक अधिकारी ते पत्र घेऊन दारात उभा राहिला. आई घाईने माफी मागू लागली. पण त्याने चहा घेतला, वही पान न् पान पाहिली, अक्षराचे कौतुक केले.

"आजोबा, विमानं हलवून दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "आता तिथे कुलपं आहेत, छपरावर मुक्कामाला येणारी हजारो पाखरं आहेत, भोरड्यांचे थवे, आणि एक पहारेकरी, तोही बहिरा. गुपित असतं तर मलाही आवडलं असतं."

तो गेल्यावर आजोबांनी वही मिटली. "म्हातारचळ, दुसरं काय," म्हणत ते पुन्हा भिंतीकडे वळले. आईने ठेवलेले ताट तसेच राहिले.

सव्वापाचला नात उशाशी आली.

"आजोबा, आजचा दिवस बघा. नाही आला, तर मी परत विचारणार नाही."

"काय बघायचंय त्यात?"

"माझ्यासाठी."

कुरकुरत ते उठून बसले. चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला.

नात स्वयंपाकघरात गेली. तिने मांडणीवरून पोचे पडलेले ताट काढले, लाटणे घेतले, आणि तळाच्या मागच्या कुंपणाकडे धूम ठोकली.