शेजारी बसलेल्या बाई

"मिस्टर टेरब्लान्श, तुमच्या शेजारी बसलेल्या बाईंना बोलता येतं का?"

प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात सकाळपासून गोरे वकील टेरब्लान्श एकटेच बोलत होते. न्यायमूर्ती सिबांडेंचा प्रश्न ऐकून ते हसले. "येतं की, महोदया. फार हुशार मुलगी आहे."

मुलगी सदतीस वर्षांची होती. लेसेगो मोथिबी. खटला सरकारी रस्ते खात्याचा, आणि खात्याची अटच होती की वकिलांत एक तरी काळा माणूस हवा. टेरब्लान्शनी अट पाळली होती.

"मग दुसरा मुद्दा त्यांना मांडू द्या."

"घसा बसलाय म्हण," टेरब्लान्श दातांतल्या दातांत पुटपुटले.

लेसेगो उठली. "मला मांडता येणार नाही, महोदया. मी कागद वाचलेले नाहीत. मला ते दिलेच नाहीत."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. सिबांडेबाई तरी समजून घेतील, असं लेसेगोला वाटलं. त्याही काळ्या, त्याही याच बाकावरून वर गेलेल्या.

"मार्चपासून तुम्ही या खटल्यात आहात," बाई म्हणाल्या. "यांनी तुम्हाला शोभेला बसवलं, ती यांची अक्कल. तुम्ही बसलात कशा?"

लेसेगोचे कान तापले. "न बसून जाऊ कुठे, महोदया? मला खटला देतं कोण? सरकार आपलंच, पण तेही खटला यांना देतं आणि सांगतं, एक काळी शेजारी बसवा."

मागच्या बाकावर रस्ते खात्याचे अधिकारी सेलेपे होते. तेही काळेच. त्यांनी फोनमध्ये तोंड घातलं.

सिबांडेबाईंनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "उद्या सकाळी. कागद आजच मोथिबींच्या हातात पडले पाहिजेत. दुसरा मुद्दा या मांडतील, नाहीतर कोणीच नाही."

दुसऱ्या दिवशी लेसेगो उभी राहिली. सुरुवातीला दोनदा अडखळली, मग नाही. बाईंनी आडवेतिडवे प्रश्न टाकले, तिने एकही सोडला नाही. निकाल बाईंनी जागच्या जागी दिला. टेरब्लान्शनी ज्या मुद्द्यावर अख्खी सकाळ खाल्ली होती, तो दोन वाक्यांत उडवला. खातं जिंकलं ते दुसऱ्या मुद्द्यावर.

बाहेर व्हरांड्यात टेरब्लान्शनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघितलंत, सेलेपे? माझ्या हाताखाली तयार झालीय."

"दिसलंच की," सेलेपे म्हणाले. "पुढचा पुलाचा खटलाही तुमच्याकडेच, साहेब. हिला घ्या बरोबर." आणि तिच्याकडे वळून, "काय ताई, आता तरी खूश ना?"

लेसेगोने खांद्यावरचा हात उचलून बाजूला केला. "पुलाचे कागद माझ्याकडे पाठवा. टेरब्लान्श लागले तर मी बोलावून घेईन."

सेलेपेंना हसू फुटलं, त्यांचं बघून टेरब्लान्शना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले दोघं.

लेसेगो तशीच उभी राहिली.

"हसून झालं, की पत्ता लिहून घ्या."