गोठलेलं इन्सुलिन

नवरात्रात दोन दिवस मेडिकल बंद ठेवून तुळजापूरला जाताना, वीज गेली तरी इन्सुलिन गार राहावं म्हणून मी ते फ्रीजरमध्ये ठेवलं. परतलो तेव्हा त्याचा बर्फ झाला होता. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, हे ठाऊक असूनही वितळल्यावर स्वच्छ दिसलं म्हणून मी ते विकलं. महिन्याभरानं, त्यातलंच इन्सुलिन नेलेल्या नागम्मा सुनेसोबत आल्या. "काका, ह्यांची शुगर उतरंना. चोरून गोड खातात," सून म्हणाली. "देवीची शप्पत, पेढ्याचा तुकडाबी खाल्ला न्हाय," नागम्मा कळवळल्या. "चूक त्यांची नाही. माझंच इन्सुलिन खराब होतं," मी पुटपुटलो. सून हसली. "म्हातारीसाठी आळ स्वतःच्या अंगावर घेता व्हय?" क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज वाटून मी घडलेलं सगळं त्यांच्या डॉक्टरांसाठी लिहिलं, खाली दुकानाचा शिक्का मारला आणि कागद सुनेच्या हातात दिला. वाचताना तिचं हसू मावळलं. "आणखी कुणाकुणाला दिलंत?"