पायाला गार लागू नये म्हणून

"बाबा, गॅरेजच्या फरशीवर काय बसवायचं ते तुम्हीच सांगा," मुलगा म्हणाला, तसं चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"एपॉक्सीच मार. साधा रंग गरम टायरला चिकटून सोलून निघतो."

"पण पायाला गार लागतं ना ते," मुलगा नमुन्यांत डोकं खुपसून पुटपुटला.

"अरे, टायरला कसली थंडी वाजते?" ते खो खो हसले. मुलगा मात्र मऊ शीटवरच अडून बसला. शेवटी त्यांनी हात टेकले आणि त्यातलीच एक तपकिरी शीट पसंत केली.

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला आलेल्या कारागिराने टेप उलगडता उलगडता विचारलं,

"काका, तुमची कॉट कुठल्या भिंतीला लागणार?"