ब्रेकमास्तरांची खाज

"थोडं वर. अजून वर. आता जरा डावीकडे... हां! हां! तिथेच, तिथेच!"

ब्रेकमास्तर बुटक्या स्टुलावर उघड्या पाठीने बसले होते आणि मागे उभी राहून बायको त्यांची पाठ खाजवत होती. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनी या आवाजांचा काय अर्थ लावला होता देव जाणे. शेजारीण मात्र हल्ली मास्तरांच्या बायकोकडे फार आदराने बघायची.

गाडी शिकवणं हा मास्तरांचा धंदा. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, यातच हयात गेली. "मजा वाटायला लागली की समजावं, वेग वाढलाय," असं ते प्रत्येकाला सांगत. घरातही तोच कारभार. गोडाची दुसरी वाटी समोर आली की ब्रेक. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं की ब्रेक. बायकोने सहज खांद्यावर डोकं टेकलं की असा करकचून ब्रेक, की ती बिचारी समोरच्या काचेवर आदळायची बाकी. औषध म्हणून माणसाने काय हवं ते घ्यावं, चैन म्हणून काही नाही, असा त्यांचा खाक्या.

मग दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीवर, नेमका आपला हात पोचत नाही अशा जागी, एक चट्टा उठला. मुलगी कातडीची डॉक्टर. तिने मलम पाठवलं. बायकोने चष्मा लावून मलम चोळलं, वर थोडं खाजवलं, आणि मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्यांचा त्यांनाही ओळखू आला नाही. पण हा इलाज होता. इलाजाला कोण ब्रेक लावतं?

चट्टा महिन्याभरात गेला. अंघोळीच्या वेळी दोन आरशांची खटपट करून मास्तरांनी खात्री करून घेतली आणि घरातलं कोणी गेल्यासारखे हिरमुसले. त्या संध्याकाळी ते मुकाट्याने स्टुलावर येऊन बसले. म्हणाले, "आज जरा जास्तच आहे गं." तेव्हापासून रोज जास्तच होतं. बायकोही तेव्हापासून रोज आधी चष्मा काढून ठेवायची आणि चष्म्याशिवाय तिला जवळचं दिसत नसे, हे मास्तर आपलं नशीब समजत.

आज मात्र मुलगी स्वतः येऊन थडकली होती. ट्यूबमागून ट्यूब संपतेय आणि चट्टा हटत नाही, म्हणजे काय? "माझ्या मलमाच्या अब्रूचा प्रश्न आहे," म्हणत ती टॉर्च घेऊन खोलीत शिरली. "हलू नका बाबा."

मास्तरांना घाम फुटला. खोटेपणा उघडा पडेल याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण चट्टा नाही म्हणजे उद्यापासून स्टूल नाही, आणि तो हातही नाही. "तुझा हात पाठीवर हवासा वाटतो" हे वाक्य बोलायला त्यांची जीभ जन्मात कधी वळली नव्हती आणि आता वळेल अशी आशाही नव्हती.

मुलीने टॉर्च वर फिरवला, खाली फिरवला. "आई, इथे तर काहीच नाही! तान्ह्या बाळासारखी पाठ आहे. दोन वर्षं तू खाजवतेस तरी काय?"

मास्तरांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. थांबलं काहीच नाही.

बायकोने टेबलावरचा चष्मा उचलला, पदराने पुसला, नाकावर चढवला आणि नवऱ्याच्या पाठीवर वाकून सावकाश पाहिलं.

"काहीच नाही कसं? चांगला तळहाताएवढा चट्टा आहे," ती म्हणाली. "तूच डोळे तपासून घे एकदा. आणि जाताना दार ओढून घे."

मुलगी आईकडे बघत राहिली, मग बापाच्या लालबुंद कानांकडे. तिने टॉर्च विझवला आणि हसू दाबत दार ओढून घेतलं.

"तुला ठाऊक होतं?" मास्तरांनी भिंतीलाच विचारलं.

"अहो, मग रोज चष्मा काढून ठेवत होते तो काय उगाच?"

मास्तरांना भयंकर लाज वाटली, आणि त्याहून भयंकर बरं वाटलं.

"उठा आता," बायको म्हणाली. संपला कारभार, असं समजून ते शर्ट शोधू लागले. वळून बघतात तर त्यांच्या जागी तीच बसलेली, त्यांच्याकडे पाठ करून. केस तिने पुढे घेतले होते.

"मलाही कधीचं खाजतंय."

"कुठे?" मास्तरांनी हातातला शर्ट खाली ठेवला.

"शोधा की. आणि आधी तो ब्रेकवरचा पाय काढा."