सकाळी औषध आहे

पेट्यांच्या दाराशी मेलेल्या मधमाश्यांचा थर पडला होता. बऱ्याच जणींच्या जिभा बाहेर आल्या होत्या, काही जागच्या जागी गरगरत होत्या. सून गुडघ्यांवर बसून त्यांना हाताने बाजूला सारू लागली. मग ते केर काढल्यासारखं वाटलं, म्हणून ओंजळीत उचलू लागली. पहिली पेटी गप्प होती. दुसरीतून अजून आवाज येत होता.

शेजारच्या सूर्यफुलांतून धाकटा दीर धावत आला. पाठीवर फवारणीचा पंप तसाच.

"वहिनी, दारं बंद केली नाहीत? कालच निरोप ठेवला होता की अण्णांकडे!"

"मी सांगितलं होतं," पायरीवर बसलेले सासरे घाईने म्हणाले. "सकाळी औषध आहे. शब्दन् शब्द. विचार हिला."

सांगितलं होतं खरं. "हो अण्णा, लक्षात आहे," असं ती म्हणालीही होती. आणि आज उठल्याबरोबर तिने त्यांच्या हातावर रक्तदाबाची गोळी ठेवली होती, कोमट पाण्याबरोबर.

"मी सकाळी अण्णांना गोळी दिली," ती म्हणाली. दिराला उमगायला क्षणभर लागला. त्याने पंप उतरवला.

"फवारणी म्हणायला काय धाड भरली होती मला!"

"आपण सगळेच औषध म्हणतो, भाऊजी."

"माझं काही चुकलं का गं?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा. सांगणाऱ्याने नीट सांगितलं, ऐकणारी बहिरी."

"बघ," अण्णा मुलाला म्हणाले. "आणि तू म्हाताऱ्यावर घसरतोयस."

तिने दुसऱ्या पेटीचं झाकण उचललं. राणी होती. तिच्याभोवती कोवळ्या माश्या, अजून शेत न पाहिलेल्या.

"जगतील?" दिराने हळूच विचारलं.

"तीन-चार दिवस आत राहिल्या तर. साखरेचं पाणी ठेवते. दार तेवढं लावून घ्या."

त्याने जाळीची पट्टी दाराला लावायला घेतली.

"थांबा."

दारासमोर एक माशी तरंगत होती, तोंड पेटीकडे करून. डावीकडे, उजवीकडे, जरा लांब, पुन्हा जवळ.

"ही अशी उलटी का उडतेय?"

"घर पाठ करतेय. पहिल्यांदाच बाहेर पडलीय."

दिराने हात मागे घेतला. माशी आणखी थोडी लांब गेली, सूर्यफुलांच्या बाजूला, तोंड अजून घराकडेच.